गादी एकाची, वाडा सर्वांचा

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. शिंद्यांच्या मागोमाग दक्षिणेतून आलेल्या मराठी कुटुंबांनी तेथे वाडे बांधले. देव्हारे आणि भाषा यांबरोबर वारशाचा कायदाही त्यांच्यासमवेत आला. कारण स्थलांतर करणारे हिंदु कुटुंब आपल्या मूळ प्रांताचा कायदा बरोबर नेते, असे न्यायालये गृहीत धरीत. प्रिव्ही कौन्सिलनेही हा दंडक मान्य केला होता.

या नगरीत मालकीच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदल्या. राज्याचे तुकडे पडू नयेत म्हणून गादी एकाच वारसाकडे जाई. वाडा मात्र एकत्र कुटुंबाचा असे. अशा वाड्यात कोणा एकाची मालकी अमुक खोलीपुरती नसते. वाटणी होईपर्यंत प्रत्येक सहमालकाचा हक्क साऱ्या वास्तूवर असतो. त्यामुळे एकाला दुसऱ्यास बाहेर काढता येत नाही. तसेच कोणावर कायम एकत्र राहण्याची सक्तीही करता येत नाही. परक्या माणसाने राहत्या घरातील एखादा वाटा विकत घेऊन वाटणीचा दावा लावला, तर तो वाटा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस विकत घेण्याची सोय १८९३ च्या वाटणी कायद्याने घरच्या माणसांना दिली आहे.

१९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले, पण १८७४ मध्ये जयाजीरावांनी उभारलेला जयविलास महाल राहिला. तो गादीचा मानावा की कुटुंबाचा? भारत सरकारशी झालेल्या करारान्वये एकाच वारसाकडे जाणारी संस्थानिकांची मालमत्ता १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याने वगळली होती. जिवाजीराव शिंदे १९६१ मध्ये निवर्तले. त्यांच्या मागे पत्नी विजयाराजे, एक पुत्र व चार कन्या होत्या. मालमत्तेचा वाद पुढच्या पिढ्यांपर्यंत न्यायालयात चालला. रामपूरच्या नवाबांच्या अशाच प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिला, की खासगी मालमत्तेस गादीचा नियम लागू नाही. ती मुस्लिम वैयक्तिक कायद्याप्रमाणे सर्व वारसांची आहे.

साध्या वाड्यांतही गादीचा हा न्याय निराळ्या रूपाने वावरत होता. १९५६ च्या कायद्याने मुलीला वारसा दिला. परंतु घरचे पुरुष आपापले वाटे वेगळे करीपर्यंत राहत्या घराची वाटणी तिला मागता येत नसे. वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मुलांनाच होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो अविवाहित मुलींना दिला. मध्य प्रदेशात तसा कायदा झाला नाही. पूर्वजांबरोबर दक्षिणेचा कायदा ग्वाल्हेरला आला होता, दक्षिणेतील ही सुधारणा मात्र तेथे आली नाही. अखेर २००५ मध्ये संसदेने सर्वच मुलींना मुलांइतका जन्मसिद्ध हक्क दिला आणि राहत्या घराविषयीचे बंधन काढून टाकले. त्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

तरीही पुष्कळ घरांत माहेर तुटेल या भीतीने बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. स्वखुशीने वाटा सोडण्यास कायद्याची हरकत नाही. मात्र तो वाटा आपला होता, हे तिला सहीपूर्वी कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे.