गिअरबॉक्स ‘उतरवता’ येत नाही तेव्हा : किट कारच्या बोगद्याचा इतिहास

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा क्लच गेला, की आपल्याकडचा कोणताही मेकॅनिक एकच वाक्य उच्चारतो : गिअरबॉक्स उतरवावा लागेल. कामाची दिशा त्या क्रियापदातच आहे. गाडी उचलायची, खालून बोल्ट सोडायचे, गिअरबॉक्स मागे सरकवून जमिनीकडे आणायचा. १९५७ साली इंग्लंडमध्ये आलेल्या ‘लोटस सेव्हन’ या चिमुकल्या स्पोर्ट्स कारपुढे मात्र हे क्रियापद हतबल होते. तिचा गिअरबॉक्स उतरत नाही, तो चढतो. इंजिनासह, कप्पीला टांगून, बॉनेटच्या जागेतून पुढे आणि वर.

असे का, याचे अर्धे उत्तर यंत्रशास्त्रात आहे आणि अर्धे ब्रिटनच्या करविषयक कायद्यात.

ब्रिटनने १९४० साली, युद्ध ऐन भरात असताना, ‘पर्चेस टॅक्स’ नावाचा कर लागू केला. चैनीच्या वस्तूंचा खप रोखणे हा त्याचा एक हेतू होता. युद्ध संपले, कर राहिला. ऑक्टोबर १९५५ मध्ये मोटारींवरील त्याचा दर ६० टक्क्यांवर पोहोचला होता. पण हा कर तयार मोटारीवर होता, सुट्या भागांवर नव्हता. कोणी चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रे वेगवेगळे विकत घेऊन घरच्या शेडमध्ये स्वतः गाडी जोडली, तर तिच्यावर हा कर लागत नसे. अट एकच : जोडणी ग्राहकानेच करायची, पैसे देऊन व्यावसायिकाकडून करून घ्यायची नाही.

‘किट कार’ या प्रकाराला बळ मिळाले ते या फटीतून. छंद, साहस, यंत्रप्रेम हे सारे खरेच. परंतु हिशेबाच्या वहीतला तो ६० टक्क्यांचा आकडा नजरेआड केला, तर हा इतिहास फारच रोमँटिक होऊन बसतो.

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ही फट अचूक हेरली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, आणि विमान चालवायलाही ते शिकले होते. १९५२ मध्ये उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात, वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात त्यांची कंपनी उभी राहिली. किट स्वरूपात विकलेली ‘मार्क सिक्स’ ही तिची पहिली महत्त्वाची गाडी, आणि सेव्हन ही तिची वारसदार. किटसोबत जोडणीच्या सूचना देण्यास नियमांची आडकाठी असल्याने लोटसने म्हणे गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या. ग्राहकाने त्या उलट क्रमाने वाचायच्या. ही कथा इतकी सुबक आहे की ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र तिच्यात एक सूक्ष्म विनोद दडलेला आहे, कारण सेव्हन जोडणे जितके सरळ आहे, तितके ती सुटी करणे नाही.

सेव्हनचे वजन फारच कमी होते. बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा, आणि त्यावर रिव्हेटने ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. हे पत्रे केवळ झाकण नव्हते. तळाचा पत्रा आणि दोन आसनांमधून मागे जाणारा बोगदा सांगाड्याला ताठरपणा देत. फोर्डचे ११७२ सीसीचे इंजिन पुढे, त्याला जोडलेला गिअरबॉक्स या बोगद्याच्या तोंडात, आणि तेथून प्रोपेलर शाफ्ट चालकाच्या अगदी कमरेजवळून मागच्या ॲक्सलकडे.

आता बंद बोगद्याला इतके महत्त्व का? पुठ्ठ्याची लांब पेटी घ्यावी, दोन्ही टोके धरून पिळावी. झाकण चिकटवलेले असेल तर ती सहज पिळली जात नाही. तेच झाकण लांबीच्या दिशेने कापून टाकले, की तीच पेटी हातात लुळी पडते. मोटारीचेही तसेच आहे. वळणावर एक चाक उंचवट्यावर चढले की सांगाडा पिळला जाऊ पाहतो, आणि बंद पोकळी त्याला विरोध करते. चॅपमन यांना हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी बोगदा बंद ठेवला.

किंमत चुकवली ती गाडीच्या मालकाने. जोडणीच्या दिवशी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बोल्ट करून पुढून तिरके आत सोडले की काम झाले. दोन मित्र आणि एक कप्पी पुरे. पण पुढे क्लचची प्लेट झिजली, तर गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा करण्यासाठी तो मागे सरकवायला हवा, आणि मागे तर अरुंद बोगदा. म्हणून रेडिएटर, नळ्या, तारा, एक्झॉस्ट सोडून सगळा जोड पुन्हा बाहेर. ज्या कायद्याने मालकाला मेकॅनिक बनवले, त्याला मालकाच्या केवळ पहिल्या आठवड्याशी कर्तव्य होते. पुढची वीस वर्षे हा त्याचा विषयच नव्हता.

हा दोष केवळ किट कारचा, असे मात्र म्हणता येणार नाही. १९६२ या एका वर्षात ब्रिटनमध्ये तीन स्पोर्ट्स कार अवतरल्या, आणि तिघींनी एकाच प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. लोटस एलान ही किट स्वरूपातही मिळे. तिच्या मध्यभागी पोलादी पत्र्याची पेटीसारखी एकच कणा-चासी होती. सारा भार त्या कण्यावर, त्यामुळे क्लच बदलायचा तर इंजिन वर उचलणे आले. एमजीबीचा बोगदा तर अखंड बॉडीतच वेल्ड केलेला, म्हणून तिथेही इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर. तिसरी ट्रायम्फ स्पिटफायर. तिची चासी स्वतंत्र होती, त्यामुळे गिअरबॉक्सवरच्या झाकणाला भार वाहावाच लागत नसे. आसने काढायची, झाकणाचे स्क्रू सोडायचे, आणि गिअरबॉक्स चक्क प्रवाशांच्या जागेतून, दारावाटे बाहेर काढायचा. इंजिन आपल्या जागी स्वस्थ.

स्पिटफायरला ही सोय मिळाली ती तिच्या थोरल्या बहिणीकडून, म्हणजे १९५९ च्या ट्रायम्फ हेराल्डकडून. हीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होऊ लागली आणि भारतीय रस्त्यांवर आली. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांनीही दारातून गिअरबॉक्स बाहेर काढलेला आहे, उतरवलेला नाही.

स्पिटफायरचे उत्तर श्रेष्ठ आणि लोटसचे कनिष्ठ, असा निवाडा घाईचा ठरेल. स्वतंत्र चासीचे वजन स्पिटफायरला वाहावे लागले. चॅपमन यांनी वाचवलेला प्रत्येक किलो शर्यतीच्या वळणावर कामी आला. एक मात्र खरे : हा सौदा करताना दुरुस्ती करणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

मग सेव्हन बाळगणाऱ्यांनी आणि तिच्या धर्तीवर गाड्या बांधणाऱ्यांनी स्वतःच मार्ग काढला. बोगद्याच्या वरच्या बाजूचा काही भाग सुटा करायचा, किंवा बाजूच्या पत्र्यात एक खिडकी ठेवायची. अशा खिडकीतून क्लच बदलता येत नाही. पण गिअरबॉक्सच्या ऑइलचे बूच, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच, गिअर लिव्हरचा पाया आणि प्रोपेलर शाफ्टचा पुढचा सांधा यांच्यापर्यंत हात पोहोचतो. १९८० च्या दशकात फोर्ड सिएराचा पाच गिअरांचा ‘टाइप नाइन’ गिअरबॉक्स अशा गाड्यांत आला, तेव्हा ही खिडकी अधिकच निकडीची झाली. त्याचे ऑइल भरण्याचे बूच बाजूला असते आणि बहुतेक नगांना तळाशी निचऱ्याचे बूचच नसते. गिअरबॉक्स बसवण्याआधी ऑइल भरायला विसरलेल्याची अवस्था वाचकांनी कल्पनेनेच जाणावी.

खिडकी कापणे सोपे असते. तिच्यामुळे गेलेला ताठरपणा परत मिळवणे हे खरे काम. त्यासाठीची साधने आली विमानांकडून. पातळ पत्र्याला आटे पाडता येत नाहीत आणि बंद पोकळीत मागून नट धरायला हात जात नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीने यावर ‘रिव्हनट’ शोधला : एका बाजूनेच घट्ट बसणारा, पोटात आटे असलेला रिव्हेट. विमानाच्या पंखांवर बर्फ झटकणारी रबरी आवरणे बसवण्यासाठी तो जन्माला आला. त्याच दशकात विल्यम झुस यांनी पाव फेऱ्यात उघडणारा स्क्रू विमानांच्या आवरणांसाठी आणला. तो पुढे शर्यतीच्या गाड्यांच्या बॉनेटवर सर्रास दिसू लागला.

बोगद्यासाठी मात्र रिव्हनटच योग्य. झुसचा स्क्रू झाकण जागेवर धरतो, भार वाहत नाही. कापलेल्या भोकाच्या कडेला जाड पट्टी किंवा मोडलेली कड द्यायची, झाकण चहूबाजूंनी कडेवर चढेल इतके मोठे ठेवायचे, आणि स्क्रू जवळजवळ लावायचे. म्हणजे झाकणाचा पत्राही पिळाच्या भाराचा वाटा उचलतो. चार कोपऱ्यांत चार स्क्रू लावून समाधान मानणाऱ्याने ती पुठ्ठ्याची पेटी आठवावी. शिवाय या पत्र्याआड, शरीरापासून वीतभर अंतरावर, शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. त्याचा सांधा तुटला तर मध्ये तेवढाच पत्रा.

दरम्यान कायदा बदलत गेला. नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींवरील कर २५ टक्क्यांवर उतरला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी पर्चेस टॅक्स जाऊन मूल्यवर्धित कर आला. किटची करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीच्या हाती सोपवले. कारण नाहीसे झाले तरी रूढी टिकली : लोक किट विकत घेतच राहिले, आता करासाठी नव्हे, तर जोडण्याच्या आनंदासाठी.

१९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून अवघ्या २५० पौंडांत सेव्हनसारखी गाडी बांधता येते, असा त्याचा शीर्षकातच दावा होता. त्यातून ‘लोकॉस्ट’ नावाची जातच निर्माण झाली. या गाड्यांत नळ्या कापणारा, वेल्ड करणारा आणि पुढे ऑइल बदलणारा माणूस एकच असतो. बोगद्याचा वरचा पत्रा कायमचा ठोकायचा की स्क्रूंवर बसवायचा, हे तोच ठरवतो, आणि तेही नळ्या अजून उघड्या असताना, जेव्हा एक आडवी नळी वाढवून भोकाची भरपाई करणे अर्ध्या तासाचे काम असते. लोकॉस्ट बांधणाऱ्यांत म्हणूनच सुटा बोगदा ही नेहमीची गोष्ट झाली. क्लचसाठी मात्र आजही इंजिन कप्पीलाच टांगावे लागते.