उतरन

उर्दूत एक शब्द आहे, उतरन. कुणीतरी अंगावरून उतरवलेला आणि दुसऱ्याने घातलेला कपडा. वाजिदा तबस्सुम यांची याच नावाची कथा आहे. त्या आपल्या अमरावतीच्या, नंतर हैदराबादच्या झाल्या. कथेतली चमकी लहानपणापासून शहजादी पाशाचे उतरलेले कपडे घालते आणि शेवटी त्याचा बदला घेते. मी ही कथा कितीतरी वेळा वाचली होती, पण उतरनचा वास कसा असतो, हे मला गेल्या डिसेंबरात ओझरमध्ये कळले.

स्नेहसंमेलनाला मुलींचे दोन नाच होते, एक लावणी आणि एक कव्वालीवरचा. ड्रेपरीवाल्याचे भाडे परवडेना. तेवढ्यात एका बंद पडलेल्या कलापथकाची ट्रंक स्वस्तात मिळाली. शिवलेल्या नऊवारी, जरीच्या काठाच्या चोळ्या, चार पेशवाज, टिकल्यांच्या ओढण्या, फेटे. ट्रंक वर्गात उघडली. निफाड तालुक्यातली थंडी, त्यामुळे खिडक्या बंद. दोन मिनिटांत मुली नाकाला ओढणी लावून भिंतीला टेकल्या. जुना घाम, ओल, डांबरगोळी आणि कुठल्यातरी स्वस्त सेंटचा एकत्र वास.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी हे नाही घालणार." मी म्हटले, धुऊन घेऊ. तेव्हा मदतीला आलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "धुऊन काय होतंय? तमाशातले कपडे. कुणी कुणी घातले असतील. काही वास जात नसतात."

त्यांचे शेवटचे वाक्य मला ओळखीचे वाटले. बी.एड. करत असताना नाशिकमध्ये खोली शोधत होते, तेव्हा एका घरमालकीणबाईंनी माझे नाव ऐकून असेच काहीसे सांगितले होते. "तुमच्या स्वयंपाकाचा वास भिंतीला बसतो हो." मी तेव्हा चहासुद्धा करत नव्हते, मेसमध्ये जेवत होते. वास माझा नव्हता, माझ्या नावाचा होता. म्हणून मी ती ट्रंक रिक्षात घालून घरी आणली, आणि कपडे धुता धुता थोडे वाचत गेले.

पहिली गोष्ट मला कुठे शोधावी लागली नाही. सूरह यूसुफ आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. यूसुफ अलैहिस्सलाम आपला सदरा भावांच्या हाती वडिलांकडे पाठवतात. काफिला निघतो तोच इकडे दूर बसलेल्या याकूब अलैहिस्सलामांना मुलाचा गंध येतो, आणि सदरा चेहऱ्यावर टाकताच गेलेली दृष्टी परत येते. म्हणजे अंगावर वापरलेला कपडा. कवी काब बिन जुहैर यांना रसूलुल्लाहांनी आपल्या अंगावरची चादर दिली. तीही वापरलेलीच. पण तिला कुणी उतरन म्हटले नाही. तिला बुर्दा म्हणतात, आणि पुढे मुआवियांनी ती काबच्या वारसांकडून मोठी रक्कम मोजून घेतली.

राजदरबारांनी हीच रीत उचलली. खिलअत म्हणजे मानाचा पोशाख. या अरबी शब्दाच्या मुळातच अंगावरून उतरवणे हा अर्थ आहे. मोगल दरबारात नवे पोशाख तर दिले जातच, पण बादशहाने स्वतः वापरलेल्या कपड्याचा, मलबूस-ए-खासचा, मान सगळ्यांत मोठा. आपल्या मराठीतला सरपाव हा फारसी सर-ओ-पा, डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. 12 मे 1666 रोजी आग्र्याच्या दरबारात खिलअती वाटल्या गेल्या, त्यात शिवाजी महाराजांना वगळले गेले, आणि नंतर देऊ केलेली महाराजांनी घेतली नाही. एका कपड्याचे वजन केवढे होते, ते यावरून कळावे.

आता ट्रंकेकडे परत येते. बादशहाच्या घामाचा जामा डोक्याला लावायचा आणि तमासगीर बाईच्या घामाची चोळी पाहून नाक दाबायचे, हा फरक कापडात आहे की आपल्यात? तमाशा उभा केला तो प्रामुख्याने कोल्हाटी, महार, मांग कलावंतांनी. लावणीत आपलाही वाटा आहे. पेशवाईच्या उतरत्या काळातले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते, हत्यारांना धार लावणारे शिकलगार. त्या लावण्या ऐकायला बसणाऱ्यांना रंग हवा होता. घाम मात्र नाचणाऱ्यांच्या वाट्याला ठेवला गेला.

उलट टोकाला बालगंधर्व. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. नारायणराव राजहंस स्त्रीवेषात उभे राहत तेव्हा अंगावर खरे भरजरी शालू आणि पैठण्या असत. अत्तरावर झालेल्या खर्चाच्या गोष्टी जुनी माणसे अजून सांगतात. त्या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष. पुढे नारायणरावांनी गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी संसार मांडला, त्याची तेव्हा किती चर्चा झाली ते मराठी माणसाला माहीत आहे. गॅसच्या उजेडात रात्र रात्र भरजरी साडी नेसून उभा राहणारा नट घामाने भिजणार नाही, असे होणार नाही. तो शालू काही दर प्रयोगाला धुता येत नसे. पण त्या कपड्यांची आठवण सुवासाची राहिली. अत्तर परवडले, त्याची आठवण सुवासाची राहिली. ज्याला परवडले नाही, त्याच्या नावाला वास चिकटला.

वासावर उपाय शोधणे या मातीत नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात वस्त्रांवर आणि धूपावर वेगळी प्रकरणे आहेत. मांडूचा सुलतान गियासशाह (1469 ते 1500) याच्या नेमतनाम्यात समोशांच्या कृतींशेजारी बगलेला लावायच्या सुगंधी लेपांच्या कृती आहेत. म्हणजे सुलतानाच्या बगलेलाही वास येत होता! विजापूरच्या इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्यासाठी इत्र-ए-नौरसशाही हा सुगंधावरचा ग्रंथच लिहिला गेला. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत खुशबूखान्याला स्वतंत्र जागा दिली आहे. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गंधवाद. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी गंगाधराच्या गंधसारासोबत या ग्रंथाची पोथी अभ्यासकांपुढे आणली. गंधवादावर जुन्या मराठीत टीका आहे. आपल्या मराठीत कुणीतरी बसून सुगंध कसा करावा हे समजावत होते. गंधसारात सहा क्रिया दिल्या आहेत, भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. धूपन म्हणजे धुरी देणे, वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून गंध मुरवणे.

गंमत बघा. संस्कृतात वासस् म्हणजे वस्त्र आणि वास म्हणजे गंध. धातू वेगळे, पण कानाला दोन्ही एकच. उर्दूत बू हा शब्द मुळात निर्मळ होता. खुश लावले की खुशबू, बद लावले की बदबू. आज नुसते "बू येते" म्हटले की वाईटच समजतात. मराठीतही "वास येतो" याला दुसरे विशेषण लागत नाही.

मी पहिली चूक केली ती लोबान जाळण्याची. जुमेरातला घरात लोबान फिरतोच, म्हणून सगळे कपडे त्याच्या धुरावर धरले. एक दिवस बरे वाटले. दुसऱ्या दिवशी दर्ग्यात कुणीतरी ओले मोजे वाळत घातल्यासारखा वास. अम्मी म्हणाली, "बेटा, गुस्ल से पहले इत्तर नहीं लगाते." जुम्याला आधी अंघोळ, मग स्वच्छ कपडे, मग अत्तर. हा क्रम आपल्याला लहानपणीच शिकवलेला आहे, मी कपड्यांच्या बाबतीत विसरले.

खरे तर ताज्या घामाला जवळपास वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातले पदार्थ फोडतात, त्यातून वास तयार होतो. सुती कापड पाण्याबरोबर तो बराचसा सोडते. पॉलिस्टर पाणी घेत नाही, पण अंगाचा तेलकटपणा धरून ठेवते, आणि हल्लीचे नाचाचे बहुतेक कपडे पॉलिस्टरचेच. म्हणून दर धुण्याला वास गेल्यासारखा वाटतो आणि अंग तापले की परत येतो.

मग मी असे केले. सगळे कपडे उलटे करून दोन दिवस गच्चीवर वाऱ्याला टाकले, पक्के रंग उन्हात, रेशमी आणि कच्चे रंग सावलीत. ओला पांढरा कापूस घासून रंग सुटतो का ते आधी पाहिले. पॉलिस्टरचे आणि सुती कपडे बादलीभर थंड पाण्यात वाटीभर पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवले, मग साबणाने धुतले. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही घालू नये, विषारी वायू निघतो. रेशमी चोळ्या रिठ्याच्या पाण्यात, न पिळता. सोडा रेशमाला मानवत नाही. डाग निघेपर्यंत इस्त्री फिरवली नाही, नाहीतर तो पक्का बसतो.

टिकल्यांचे आणि जरीचे पेशवाज भिजवता येईनात. परदेशी रंगभूमीवर कपडेपटातली माणसे अशा पोशाखांच्या आतून व्होडका फवारतात. अल्कोहोल जिवाणू मारते आणि उडून जाते. आमच्या घरात व्होडका कुठून यायची! मेडिकलमधून स्पिरिट आणले, पाणी मिसळले, अस्तरावर एका कोपऱ्यात तपासून मग बगलेच्या आणि कमरेच्या शिवणीवर फवारले, शेगडीपासून लांब, उघड्या हवेत. दोन पेशवाजांचे बगलेतले अस्तर इतके कुजले होते की उसवून नवे मलमलचे लावले.

वास पुन्हा बसू नये म्हणून मुलींना आत सुती बंडी सक्तीची केली. बगलेत सुती गाद्या कच्च्या टाक्यांनी टाचल्या, प्रयोग झाला की त्या काढून धुवायच्या. कपडा अंगावरून काढला की थेट दोरीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. अत्तर किंवा सेंट जरीवर नाही, जर काळी पडते. ट्रंक पुसून उन्हात तापवली. आता कपडे मलमलमध्ये गुंडाळून ठेवले आहेत, मध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला. डांबरगोळी नाही, तिचाच वास महिनाभर जात नाही.

एका चोळीच्या आत, काखेजवळ, बारीक टाक्यांनी एक नाव भरतकाम केलेले सापडले. ते इथे लिहीत नाही. कुणीतरी आपली चोळी दुसरीच्या चोळीत मिसळू नये म्हणून लाल दोऱ्याने ते काढले होते. अम्मी ते उसवायला निघाली होती. मी म्हटले, राहू दे.

जी मुलगी "घालणार नाही" म्हणाली होती, तिला मी तीच चोळी दाखवली. तिने आधी वास घेतला, मग आत बोट फिरवून नाव वाचले. "मॅडम, ह्या नाचायच्या का?" मी म्हटले, हो, तुझ्याआधी. संमेलनाच्या रात्री तिने तीच चोळी मागून घेतली.

त्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नाच संपल्यावर आत आल्या, एक ओढणी हातात घेऊन नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "नवीन घेतल्या वाटतं."

मी म्हटले, "नाही. धुतल्या."