विद्युत् अग्रावरील एकरेणवीय थर

विद्युत् अग्रावरील एकरेणवीय थर : कार्बनी अर्धसंवाहकांपासून बनवलेल्या ट्रान्झिस्टर, प्रकाश-उत्सर्जक डायोड, सौरघट यांसारख्या साधनांत धातूच्या अग्रावर मुद्दाम चढवलेला, एकाच रेणूइतक्या जाडीचा (सु. १ ते २ नॅनोमीटर) थर.

धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे कार्यफलन. ते अर्धसंवाहकाच्या ऊर्जापातळीशी जुळले नाही, की जोडाशीच उंबरठा उभा राहतो आणि उत्तम पदार्थ वापरूनही प्रवाह अडतो. निर्वातात स्वच्छ सोन्याचे कार्यफलन ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर भरते. पण या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. कोणताही रेणू टेकला, तरी पृष्ठभागाबाहेर किंचित सांडलेला इलेक्ट्रॉन मेघ मागे ढकलला जातो आणि तेवढ्यापुरते कार्यफलन उतरते.

राल्फ नझो व डेव्हिड अलारा यांनी १९८३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये सोन्यावर गंधकयुक्त रेणूंचे सुबक थर जमवून दाखवले. कृती साधी आहे. सोन्याचा मुलामा दिलेली पट्टी थायॉल या गंधकयुक्त संयुगाच्या विरल इथेनॉल-द्रावणात बुडवतात (थायॉलांना उग्र दुर्गंधी असते, त्यामुळे हे काम धुराड्याखालीच करावे). काही मिनिटांत पृष्ठ झाकले जाते; रेणूंची रांग नीट लागायला मात्र तास जातात, म्हणून पट्टी बहुधा रात्रभर ठेवतात. मग इथेनॉलने धुऊन नायट्रोजनच्या झोताने वाळवतात. गंधकाचे टोक धातूला चिकटते. लांब साखळीचे रेणू सोन्यावर सु. ३० अंशांनी कलून उभे राहतात.

प्रत्येक रेणूचा द्विध्रुव (धन व ऋण भारांची जोडी) एकाच दिशेला असल्याने त्यांचा परिणाम एकवटतो. साध्या अल्केन-थायॉलांनी कार्यफलन घटते, फ्ल्युओरिनयुक्त थायॉलांनी वाढते. लॉस अलामॉस येथील कॅम्पबेल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चांदी आणि एका प्रकाश-उत्सर्जक बहुवारिकामधील ऊर्जा-उंबरठा अशा थरांनी १ इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक टप्प्यात हलवून दाखवला.

थराचे काम एवढ्यावर संपत नाही. पेंटाफ्ल्युओरोबेंझीन-थायॉल लावलेल्या सोन्यावर काही अर्धसंवाहकांचे मोठे स्फटिक अग्रापासून सुरू होऊन ट्रान्झिस्टरच्या मार्गिकेत पसरतात, असे २००८ मध्ये आढळले. त्यामुळे थर लावल्यावर प्रवाहात होणाऱ्या सुधारणेचे श्रेय कार्यफलनाला किती आणि स्फटिकांना किती, हे प्रवाहाच्या एका मापनावरून ठरवता येत नाही.

इंडियम-कथिल ऑक्साइडसारख्या ऑक्साइड पृष्ठांवर थायॉलांऐवजी फॉस्फॉनिक अम्ले वापरतात. सोन्यावरील थायॉल थर हवेत हळूहळू ऑक्सिडीभूत होतो व तापवल्यास सुटतो, म्हणून पट्टी तयार होताच तिच्यावर अर्धसंवाहक चढवावा.