भाजी खुडण्याआधी

सावळघाट उतरता उतरता डांबर संपतं आणि सालही बदलतं. 1877, आषाढाचे दिवस. पेठ संस्थानातल्या एका पाड्यावर, कोकणा जमातीतल्या एका म्हातारीच्या कुडाच्या घरासमोर तुम्ही भिजत उभे आहात. आत कणगी खडखडीत रिकामी. बाहेर मात्र तेऱ्याची पानं तरारून आलीत, बांधाला कवळी उगवलीय. पोटात आग पडलेली. तुम्ही खुडायला वाकता.

म्हातारी ओरडते, "दादा, हात नको लावू. अजून तेरा झाला नाही."

तेरा ही भाजी आणि तेरा हा सणही. भगत गावदेवाला पहिली पानं वाहील, त्यानंतरच ती घराघरांत शिजतील. तोवर उपाशी पोरानंही तोंड लावायचं नाही. तुम्हाला संताप येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. भुकेल्याला थांबवणारा नियम निर्दयच असतो. पण जरा ते रोप पाहा. मुळानं माती अजून धरलेली नाही, आज ओढलं तर कांद्यासकट हातात येईल. आणखी काही सरी पडू द्या, मग पानं खुडली तरी खालून नवी फुटतील.

आश्विनात वाघबारस. गुराखी वाघदेवापाशी जमतात, नैवेद्य शिजवतात, गुरं सांभाळ म्हणून त्यालाच साकडं घालतात. जो गाय मारतो त्यालाच! शहाणपणाचा हा प्रकार पचायला वेळ लागतो.

पीक घरात आल्यावरची एक रात्र. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी केलेली. कथाकार तिच्यावरून बोटं ओढतो तसा एक सूर घुमत राहतो. कथा कणसरीची, धान्यदेवतेची. पोथी नाही. तो कुठे घसरलाच तर कोपऱ्यातली कुणी आजी त्याला तिथल्या तिथे टोकते. सगळ्या पाड्याला पाठ असलेली गोष्ट एकट्याला सोयीप्रमाणे बदलता येत नाही, आणि तेऱ्याचा नियम का टिकतो तेही तुम्हाला इथेच कळतं.

म्हणून सगळंच सोवळं होतं असं समजू नका. नागलीच्या रोपांची दाढ भाजायला ऐनाच्या झाडाच्या फांद्या सपासप तोडल्या जातात. बुंधा राखतात, कारण पुढच्या वर्षीही पाला लागणार.

1878 मध्ये संस्थान खालसा होतं. त्याच वर्षी इंग्रजांचा वनकायदा येतो, आणि फांदी कधी तोडायची हे आता पाड्याबाहेरचा माणूस ठरवू लागतो. 1927 चा कायदा तेच पुढे चालवतो. 2006 चा वनहक्क कायदा जमीन आणि जंगलावरचा हक्क कागदावर परत देतो. दावे मात्र फायलींत पडून राहतात.

6 मार्च 2018. तुम्ही नाशिकच्या सीबीएस चौकात, याच दाव्यांसाठी मोर्चाला निघालेल्या सुरगाणा-पेठच्या माणसांत. सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबई गाठता. तळव्यांना फोड आलेत, पण सकाळी दहावीचा पेपर आहे, पोरांची वाट अडायला नको, म्हणून आझाद मैदानाकडे रात्रीच निघायचं ठरतं. 12 तारखेला सरकार लेखी आश्वासन देतं: वनदावे सहा महिन्यांत निकाली.

आश्वासन अपुरंच राहतं. फेब्रुवारी 2019 मध्ये नाशिकहून पुन्हा मोर्चा निघतो, तेव्हा शेजारी चालणाऱ्या कित्येकांना तुम्ही नावानं ओळखता.