चार दारुड्यांत बसून दारू कशी सुटेल?

दारू सोडण्याबद्दल आपल्याकडे एक मत इतकं रुळलंय, की त्याला कुणी पुरावाच मागत नाही. माणसाच्या मनात असेल तर तो आज सोडेल. नसेल तर ब्रह्मदेव आला तरी सुटणार नाही. मग देवापुढे नेऊन शपथ घालायची, गळ्यात माळ घालायची, नाहीतर एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असं रंगवलेलं असतं, तो नंबर फिरवायचा. (हा शेवटचा उपाय जिवावर बेतू शकतो. त्या पुडीत डायसल्फिराम हे औषध असेल आणि माणूस वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.) कुणी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या मीटिंगचं नाव काढलं, की उत्तर ठरलेलं: चार दारुड्यांत बसून दारू कशी सुटेल?

निर्धाराचं म्हणाल, तर तो पिणाऱ्याकडे भरपूर असतो. श्रावणभर थेंबालाही न शिवणारा माणूस दुबळा कसा? त्याने दारू दहादा सोडलेली असते. अडतं ते सोडल्यानंतरच्या संध्याकाळी, आणि तिथे शपथ घालणारे मामा हजर नसतात. (रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग.)

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस जन्मली तीच अशा एका संध्याकाळी. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला बिल विल्सन डिसेंबर १९३४ पासून प्यायला नव्हता. मे १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी त्याचा एक व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा, खिसा जवळपास रिकामा, आणि पलीकडे बार गजबजलेला. निर्धार तेव्हाही होताच. पण त्याने त्यावर विसंबून न राहता चर्चच्या यादीतून फोन लावायला सुरुवात केली: मला बोलायला एक दारुडा हवाय. सापडला तो डॉ. बॉब स्मिथ, गावातला सर्जन. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेला हा डॉक्टर रात्री अकरापर्यंत बसला. पुढे तो एकदा घसरलाही. त्याचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, आणि तोच दिवस संघटनेचा स्थापनादिन मानतात. त्या रात्री शहाणा उपदेशक कुणीच नव्हता. होते ते दोन दारुडे.

‘पुरावा काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात ठोस पुरावा नाही असं म्हटलं होतं, आणि टीकाकार अजून तोच धरून बसलेत. २०२० च्या नव्या आढाव्यात संशोधक केली, हम्फ्रीज आणि फेरी यांनी (यातल्या फेरी जुन्या आढाव्याच्याही लेखिका) दहा हजारांवर माणसांवरचे २७ अभ्यास तपासले. माणसाला पद्धतशीरपणे मीटिंगशी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त होते. इतर मान्यताप्राप्त मानसोपचार घेतलेल्यांपैकी ३५ टक्के. ‘जे जातात ते मुळातच सुधारलेले’ ही शंका इथे फारशी टिकत नाही, कारण यातल्या बऱ्याच अभ्यासांत कोणी कोणत्या गटात जायचं हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरलं होतं. फरक डोळे दिपवणारा नाही, पुरावाही मुख्यतः अमेरिकेतला आहे. पण ज्याला फी नाही, सभासदांची नोंदवही नाही, त्याने पगारी तज्ज्ञांच्या बरोबरीने उतरावं, हे थोडं झालं का? केलींच्या इतर अभ्यासांतून एक कारणही दिसतं: माणसाची संगत बदलते. म्हणजे आक्षेप घेणारे संगतीलाच दोष देत होते, आणि काम करते ती संगतच.

ती कशी, हे महापालिकेच्या शाळेतल्या एखाद्या ओपन, म्हणजे सर्वांना खुल्या, मीटिंगला जाऊन बघावं. चौथीच्या बाकांत पोटं आवळून बसलेले बाप्ये, भिंतीवर पाढे. एक जण उठून नाव सांगतो, अल्कोहोलिक असल्याचं सांगतो आणि बोलू लागतो: आज पगार झाला, दोन स्टॉप आधीच उतरलो, बायकोला स्टँडवर बोलावलं होतं, पैसे तिथेच तिच्या हातात दिले. टाळ्या नाहीत, उपदेश नाही. पण मागच्या बाकावरच्या नवख्याला पुढच्या एक तारखेचा रस्ता कळतो. हे ज्ञान तुमच्या-माझ्यापाशी नाही.

राहिला मीटिंगमधल्या प्रार्थनेतला देव. संघटनेचं मूळ ख्रिस्ती आहे, ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या चळवळीतलं. ते लपवायचं कारण नाही. पण संघटनेच्या १९३९ च्या पुस्तकातच ईश्वर कसा मानायचा हे ज्याच्या त्याच्यावर सोडलंय, आणि सभासदत्वाला अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. मला स्वतःला प्रार्थनेचा भाग जड जातो. तेवढा वेळ मी गप्प उभा राहतो. कुणी हटकत नाही.

मुंबईत हे काम १९५७ पासून चाललंय, म्हणजे मीटिंग सापडणं अवघड नाही. संघटनेच्या हेल्पलाइनवर गावाचं नाव सांगितलं की जवळच्या गटाचा वार, वेळ, पत्ता कळतो. झूमवरही मीटिंग होतात. क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी, ओपनला बायको-भाऊही चालतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गटही आहे. एका गटात मन रमलं नाही, तर दुसरा बघावा. गटागटाचा स्वभाव वेगळा असतो. पिणाऱ्या बाईची अडचण मात्र खरी आहे. पुरुषांनी भरलेल्या त्या खोलीत ती एकटीच पडते, आणि गावात बोभाटा होण्याची भीती तिला दुप्पट. तिने आधी फोनवर बायकांच्या गटाची चौकशी करावी, नाहीतर कॅमेरा बंद ठेवून ऑनलाइन बसावं.