‘राजा हरिश्चंद्रा’चा पाठ

राजा आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे आणि राणी तारामती ते पाहत आहे. भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून हा प्रसंग रसिकांच्या स्मृतीत रुजला आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. परंतु त्या प्रेक्षकांनी पाहिला तो हाच प्रसंग काय? मूळ मूकपट चार रिळांचा होता. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांपैकी पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे मानली जातात. आणि वीरचंद धरमसी यांच्यासारख्या इतिहासकारांच्या मते तीही फाळक्यांनीच १९१७ साली नव्याने केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची आहेत.

हा घोटाळा स्वाभाविक आहे. कथा एक, कर्ता एक, नावही जवळजवळ एकच. स्मृती प्रसंग जपते, तो कोणत्या प्रतीतला हे जपत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो पाठभेद समोर होते म्हणून. येथे ताडून पाहण्यास १९१३ ची पूर्ण प्रत उरलेली नाही, आणि पहिल्या खेळाचा प्रेक्षकही नाही.

फाळक्यांच्या थोरवीस यामुळे उणेपणा येत नाही. मात्र त्या प्रसंगाखाली १९१३ हा आकडा निःशंकपणे छापणे म्हणजे आठवणीला पुराव्याच्या आसनावर बसविणे होय. ज्या साहित्यात पाठनिर्णयाची इतकी जुनी परंपरा आहे, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी तरी ते करू नये.