डोक्याला मार, मनाला त्रास: एक जुना वाद

माणगावातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. त्यामुळे अपघातात डोक्याला मार लागणं आपल्याला नवं नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला की आपण म्हणतो, वाचला. पण काहींचं डोकं महिनोन्‌महिने दुखतं, झोप लागत नाही, माणूस चिडतो, उदास बसून राहतो. मग घरचेच म्हणतात, नाटकं करतोय.

हा संशय जुना आहे बरं का. रेल्वे अपघातांनंतरच्या अशाच तक्रारींचं मूळ लंडनचे सर्जन एरिक्सन यांनी 1866 मध्ये मज्जारज्जूच्या दुखापतीत शोधलं. 1883 मध्ये हर्बर्ट पेज म्हणाले, मूळ भीतीत आहे. पेज रेल्वे कंपनीचे सर्जन होते आणि प्रश्न नुकसानभरपाईचाही होता, हे आपण विसरायचं नाही. पुढे 1915 मध्ये चार्ल्स मायर्स यांनी सैनिकांच्या 'शेल शॉक'वर लिहिलं आणि तोच वाद पुन्हा पेटला: इजा मेंदूला की मनाला?

आज आपल्याला कळतं, की हा प्रश्नच अपुरा होता. मेंदूला बसलेल्या धक्क्यानंतर नैराश्य येऊ शकतं. आणि नैराश्य किंवा चिंता आधीपासून असेल, तर धक्क्याची लक्षणं जास्त रेंगाळू शकतात. साध्या स्कॅनमध्ये यातलं सगळं दिसत नाही. म्हणून पुन्हा दाखवायला जाऊ तेव्हा डोकेदुखीसोबत झोपेबद्दल, उदासीबद्दलही डॉक्टरांना सांगायचं. त्यावर उपचार आहेत.